ऑलिम्पिकच्या जागा पाहताना आधी क्षण निवडा

लॉस एंजेलिसच्या कोलिझियम या स्टेडियममध्ये मी गेले ती सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी. 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक तेवढ्यानं हुकलं. तिसरी आलेली धावपटू 55.41 सेकंदांत पोचली, उषा 55.42 सेकंदांत. ती अंतिम रेषा जिथे होती तिथे उभं राहायचं, एवढंच मनात होतं. पण तिथे ट्रॅकच नव्हता. 1993 मध्ये तो काढून मैदान सुमारे 11 फूट खाली नेलं. म्हणजे उषाची पावलं जिथे पडली ती पातळी आता गवताच्या वर, हवेत आहे. हे कळल्यावर मी बराच वेळ तिथल्या मोकळ्या जागेकडे बघत बसले.

मी अनेक वर्षं मुलांना खेळ शिकवले, आणि जमेल तेव्हा ऑलिम्पिकच्या जागा पाहत आले. जायचं असेल त्याला माझं पहिलं सांगणं असतं की शहर नंतर, क्षण आधी. कोणाची कुठली झुंज तुम्हाला आजही आठवते? तिथून सुरुवात करा.

मग ती झुंज कुठल्या वास्तूत झाली ते शोधा. इथेच बहुतेक जण चुकतात, कारण खेळ शहरभर विखुरलेले असतात आणि आपण मुख्य स्टेडियम पाहून परततो. खेळ संपल्यावर आयोजक अधिकृत अहवाल काढतात. जुने अहवाल इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आणि कुठला खेळ कुठे झाला ते त्यांत मिळतं. त्या जागेचं आजचं नावही शोधून ठेवा, कारण नावं बदलतात.

हेलसिंकीचंच पाहा. स्टेडियमचा मनोरा बघायला सगळे जातात, आणि जावंच. त्याची उंची 72.71 मीटर आहे, कारण फिनलंडच्या मत्ती यार्विनेननं 1932 च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं ते तेवढ्याच लांबीच्या भालाफेकीनं. पण 1952 मध्ये खाशाबा जाधवांनी कांस्य जिंकलं ती कुस्ती या स्टेडियममध्ये झाली नव्हती. ती झाली जवळच्याच मेस्सुहाल्ली या प्रदर्शनगृहात. त्याचं आजचं नाव तोलो किसाहाल्ली, आणि तिथे शहरातले लोक खेळायला येतात. मी आत गेले तेव्हा काही मुलं खेळत होती. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक याच छपराखाली आलं, या विचारानं माझे डोळे भरून आले.

बर्लिनला जाणार असाल तर हॉकीचं मैदान विसरू नका. ध्यानचंदांच्या संघानं 15 ऑगस्ट 1936 रोजी जर्मनीला 8-1 हरवलं ते मुख्य स्टेडियमच्या आवारातल्या वेगळ्या हॉकी मैदानावर. मुख्य स्टेडियमच्या मॅरेथॉन दरवाजापाशी विजेत्यांची नावं दगडात कोरली आहेत. जेसी ओवेन्सचं नाव तिथे आहेच, पण घाई न करता सगळी यादी वाचा.

आता वेळेचं. ही स्टेडियमं चालती आहेत, त्यांत फुटबॉल आणि गाण्याचे कार्यक्रम होतात. तशा दिवशी आत फिरवणारे दौरे बंद असतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी स्टेडियमचं वेळापत्रक बघा. मी एकदा ते न बघता गेले आणि दोन दिवस कुंपणाबाहेरून फिरले.

जिथे वापरायला मिळतं, तिथे वापरा. लंडनमध्ये झाहा हदीदनं रचलेल्या 2012 च्या जलतरण तलावात पैसे भरून कोणालाही पोहता येतं, तेव्हा पोहण्याचा पोशाख सोबत न्या. अथेन्सच्या पानाथेनाइक स्टेडियमच्या ट्रॅकवर तुम्ही धावू शकता. 1896 मध्ये स्पिरिडॉन लुईसनं मॅरेथॉन जिंकली ती याच संगमरवरी वाटीत शिरून. सावली अजिबात नाही, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर जा. आणि प्राचीन ऑलिंपियात सुरुवातीच्या रेषेचे दगड अजून जागेवर आहेत. सुमारे 192 मीटरची ती धाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण करा, चालत का होईना.

काही जागा दुःखाच्या आहेत. म्युनिकचं काचेच्या तंबूंसारखं छत आणि दुसऱ्या महायुद्धातल्या ढिगाऱ्यावर उभी राहिलेली टेकडी पाहाच. पण जवळच्या कोनोलीस्ट्रासे या रस्त्यावर 31 क्रमांकाच्या घरापाशीही थांबा. 1972 मध्ये इस्रायली पथकातल्यांना तिथे ओलीस धरलं गेलं आणि 11 जण मारले गेले. आजूबाजूला लोक राहतात, तेव्हा आवाज करू नका. बोस्नियातल्या सारायेवोत 1984 च्या हिवाळी ऑलिम्पिकचा बॉबस्ले ट्रॅक, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्यांची वाट, त्रेबेविच डोंगरावर आहे. 2018 मध्ये पुन्हा सुरू झालेल्या केबल कारनं वर जाता येतं. 1990 च्या दशकातल्या बोस्नियाच्या युद्धात या डोंगरात सुरुंग पेरले गेले होते. रुळलेली वाट सोडून झाडीत शिरू नका, फोटोसाठीसुद्धा नाही.

भावी यजमानांकडे मी खेळांच्या आधी एकदा जाऊन यावं असं म्हणते. खेळांच्या दिवसांत खोल्यांचे दर चढतात, रस्ते बंद होतात आणि तिकिटाशिवाय जवळ जाता येत नाही. लॉस एंजेलिसनं 2028 साठी नवं कायमचं स्टेडियम बांधायचं नाही असं ठरवलंय, त्यामुळे बऱ्याच जागा आताच पाहता येतात. क्रिकेट मात्र शहरापासून दूर पोमोनाला आहे. 1900 नंतर ते प्रथमच ऑलिम्पिकमध्ये येतंय. ते बघायचं असेल तर प्रवासाचा वेळ हिशेबात धरूनच मुक्काम ठरवा. 2032 च्या ब्रिस्बेनची घाई नको, तिथलं काम आधी उभं राहू दे.

कोलिझियमचं मात्र वेगळं आहे. 1932, 1984 आणि आता 2028 असा तिसरा मान त्याला मिळतोय, आणि त्यासाठी तिथे तात्पुरता ट्रॅक घालणार आहेत. अधिकृत विक्रीतून महिलांच्या 400 मीटर अडथळ्यांच्या दिवसाचं एक तिकीट मिळवायचा मी प्रयत्न करणार आहे. अंतिम रेषेच्या बाजूचं मिळालं तर फारच उत्तम.