शॉटगनची हलक्या धक्क्याची काडतुसं घरी भरताय? या चुका टाळा

"धक्का कमी हवा होता, म्हणून दारू थोडी कमी टाकली." हे कानावर पडलं की मी आधी समोरच्याला बंदूक उघडून रिकामी करायला लावतो. बाकीचं बोलणं नंतर.

त्यामागे एक थंडीतली सकाळ आहे. आमच्या रांगेत एक नवखा मुलगा होता. खांदा दुखतो म्हणून त्याने घरीच बारा बोअरची काडतुसं भरून आणली होती. छरे छापील तक्त्याप्रमाणे, दारू मात्र मनाने कमी. निशाण्यासाठी उडवलेल्या तिसऱ्या तबकडीला नेहमीच्या धडाक्याऐवजी नुसतं 'फट्' झालं. त्याला वाटलं, बार फुसका गेला. त्याने बंदूक उघडली, पुंगळी (काडतुसाचं कवच) काढली आणि नवं काडतूस आत सरकवलं. बंदूक मिटायच्या आत मी त्याचा हात धरला. दोन्ही काडतुसं काढून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या बाजूने पाहिलं, तर वरच्या नळीतून आभाळाचं गोल भोक दिसत होतं आणि खालची नळी काळी. चेंबरपासून वीतभर पुढे वॅड (दारू आणि छऱ्यांमधलं बूच) अडकून बसलं होतं. गजाने ते बाहेर ढकललं तेव्हा त्याच्या मागून न जळलेल्या दारूच्या राखाडी चकत्या माझ्या तळहातावर पडल्या. पुढचा बार त्या वॅडवर गेला असता तर नळी फुगली असती, कदाचित फाटली असती, आणि त्याचा डावा हात बरोबर तिथेच होता. तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मलाही सुचलं नाही.

बिनधुराची दारू नीट जळायला दाब लागतो. छरे हलके, दारू कमी, त्यात काडतुसाच्या तोंडाची घडी सैल आणि हवा थंड असली की तो दाब तयारच होत नाही. म्हणूनच हलक्या भारासाठी बहुधा लवकर जळणारी दारू वापरतात. जी दारू जड भारासाठी आहे तीच कमी करून हलका भार होत नाही. तक्त्यात एखाद्या जोडणीसाठी जो सर्वांत कमी आकडा असतो, त्याच्या खाली जायचं नाही. रायफलची काडतुसं भरणारे "कमीपासून सुरुवात करा" म्हणतात. ती सवय इथे आणू नका. शॉटगनच्या काडतुसाची कृती तक्त्यात जशी छापली आहे तशीच भरायची.

आवाज किंवा धक्का वेगळा वाटला की थांबा. बंदूक रिकामी करा, नळीतून आरपार पाहा, मगच पुढचं काडतूस. चाप ओढून काहीच झालं नाही, तर उघडण्याआधी तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान तीस सेकंद थांबा. माझ्या पिशवीत गज कायम असतो. ज्याच्या पिशवीत तो नाही, त्याने घरी भरलेली काडतुसं रेंजवर आणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मग धक्का कमी करायचा कसा? छऱ्यांचं वजन उतरवून. त्याच बंदुकीत, त्याच वेगाला 32 ग्रॅमवरून 24 ग्रॅमवर आलात तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाहून जास्त उतरते. "24 ग्रॅमने तबकडी फुटत नाही" म्हणणाऱ्यांनी ऑलिम्पिकमधले ट्रॅप आणि स्कीट हे तबकड्यांचे प्रकार पाहावेत, तिथे 24 ग्रॅमच्या वरचा भार चालतच नाही. छऱ्यांची संख्या कमी पडेल अशी भीती असेल तर हिशेब करा (नंबर मोठा तितका छरा बारीक): साडेसात नंबरचे 28 ग्रॅम आणि आठ नंबरचे 24 ग्रॅम, दोन्हींत साधारण 345 छरे येतात. वेगही उतरवता येतो, पण तो छापील कृतीतूनच. आणि विकतची काडतुसं घेताना खोक्यावर 'लाइट' शब्द शोधण्यापेक्षा छऱ्यांचं वजन आणि वेग हे दोन आकडे वाचा. 28 ग्रॅमचं वेगवान काडतूस खांद्याला अजिबात हलकं लागत नाही.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती "हे नव्हतं, म्हणून ते घातलं" याची. पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), दारू, वॅड आणि छऱ्यांचं वजन ही पाचही मिळून एक कृती होते. बारा बोअरच्या पावणेतीन इंची काडतुसाला अमेरिकी मानकात कमाल दाब 11,500 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, आणि नुसता प्रायमर बदलला तरी दाब हजारांनी इकडे-तिकडे होऊ शकतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पुंगळ्या उभ्या कापून शेजारी ठेवा. एकीची भिंत सरळ, दुसरीची तळाकडे निमुळती, म्हणजे आतली जागाच वेगळी. मी पुंगळ्या जमिनीवरून उचलतानाच वेगळ्या पिशव्यांत टाकतो. वॅड संपलं की त्या दिवशी भरणं बंद. बाजारातून योग्य वॅड येईपर्यंत ज्याला धीर धरवत नाही, त्याने विकतची काडतुसं वापरावीत.

काट्याबद्दलही सांगतो. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंत मोजतो. एक ग्रॅम म्हणजे 15.4 ग्रेन, आणि हलक्या काडतुसातली सगळी दारू अनेकदा वीस ग्रेनच्या आत असते. ग्रेनचा दहावा भाग दाखवणारा काटाच लागतो. भरायच्या यंत्रात दारूचं माप ठरवणारं जे बुशिंग असतं, त्यावर छापलेल्या नंबरवर विश्वास ठेवू नका, यंत्रातून पडलेली दारू मोजा. मी पहिले दहा भार मोजतो, मग दर पंचविसावा. हँडल रोज एकाच लयीत ओढतो, कारण हिसक्याने दारू दबते आणि भार वाढतो. भरताना फोन दुसऱ्या खोलीत.

खोक्यावरचा 'ड्रॅम' हा आकडा जुन्या काळ्या दारूशी केलेली तुलना आहे. तो बिनधुराच्या दारूचं माप समजून कुणी भरलं, तर बंदूक फुटेल.

शिशाच्या कृतीत पोलादी छरे कधीही नाहीत.

वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या खिशात नको. ते बारापेक्षा बारीक असतं, नळीत पुढे सरकून अडकतं आणि त्याच्या मागे बाराचं काडतूस सहज बसतं. वीसची पुंगळी पिवळी करतात ती याचसाठी.

जुन्या 65 मिलिमीटरच्या चेंबरमध्ये 70 चं काडतूस बसलं म्हणून ते चालतं असं नाही. 70 हे माप उघडलेल्या पुंगळीचं असतं. घडी उघडायला पुढे जागा नसली की दाब चढतो.

सेमी-ऑटो (पुंगळी आपोआप फेकून पुढचं काडतूस घेणारी बंदूक) हलक्या भाराला पुंगळी बाहेर फेकत नसेल तर बंदूक साफ करून बघा. तरीही अडकली तर एक पायरी जड छापील कृती घ्या.

आणि प्रत्येक खोक्यावर तारीख, पाचही घटकांची नावं आणि दारूचं वजन लिहा. चिठ्ठी नसलेलं काडतूस माझ्या बंदुकीत जात नाही, ते मी स्वतः भरलेलं असलं तरी.