हिरवे टोमॅटो तळण्याआधीची तयारी

ऑक्टोबर संपत आला की नॉर्थ कॅरोलायनात रात्री गारठायला लागतात आणि परसातली टोमॅटोची झाडं मात्र अजून हिरव्या फळांनी लगडलेली असतात. पारा १० अंश सेल्सियसच्या खाली रेंगाळू लागला की फळं पिकायची थांबतात, आणि एका रात्रीत हिमदव पडलं की झाडच काळं पडतं. म्हणून हवामानाच्या अंदाजात तसा इशारा दिसला की त्याच संध्याकाळी टोपली घेऊन सगळी धड फळं उतरवून घ्यायची. आपल्याकडे त्यांची दाण्याचं कूट घालून भाजी होते, तीळ घालून चटणी होते. ती कराच, पण निम्मी फळं फ्राइड ग्रीन टोमॅटोजसाठी, म्हणजे मक्याच्या भरडीत घोळवून तळलेल्या हिरव्या टोमॅटोच्या चकत्यांसाठी, बाजूला ठेवा. या पदार्थात हिरव्या टोमॅटोचा आंबटपणा जितका लख्ख लागतो तितका मला दुसऱ्या कशातच सापडलेला नाही.

हा पदार्थ आज अमेरिकेच्या दक्षिणेचा म्हणून ओळखला जातो, आणि ती ओळख १९९१ सालच्या एका गाजलेल्या चित्रपटानंतर पक्की झाली. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला त्याच्या पाककृती छापून येत होत्या त्या बऱ्याचशा उत्तरेकडच्या आणि मिडवेस्टच्या, म्हणजे मध्य-उत्तर राज्यांतल्या, वर्तमानपत्रांत, ज्यू गृहिणींसाठीच्या पाकपुस्तकांत. मला हे अगदी पटतं. जिथे थंडी लवकर येते तिथे झाडावर हिरवी फळं जास्त उरणारच.

आता तयारी. यादीत पहिला अर्थातच टोमॅटो, आणि इथे चोखंदळ राहा. पूर्ण वाढलेलं पण कच्चं, हातात घट्ट लागणारं, पांढरट हिरवं फळ हवं. अंगठ्याने दाबलं तर जराही दबता कामा नये. तळाशी गुलाबी छटा आली असेल तर फळ थोडं गोडसर लागेल, चालेल. पण लाली वर चढली असेल तर ते तळणीसाठी घेऊ नका, ते तेलात विरघळल्यासारखं होतं. पिकल्यावरही हिरव्याच राहणाऱ्या काही जाती असतात. त्या मऊ आणि रसाळ असल्यामुळे या कामाच्या नाहीत. कागदी सालीतला टोमॅटिलो तर वेगळंच फळ. चार जणांना मध्यम आकाराचे चार टोमॅटो पुरतात, साधारण ६०० ते ७०० ग्रॅम. आणून ठेवताना केळी आणि सफरचंदांपासून लांब ठेवा, त्यांच्या शेजारी ते भराभर पिकायला लागतात. तीन-चार दिवसांत वापरून टाका.

सुरी धारदार करून घ्या. कच्च्या टोमॅटोची साल चिवट असते; बोथट सुरीने चकती एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होते आणि मग ती निम्मी करपते, निम्मी कच्ची राहते. वरचा देठाकडचा आणि तळाचा तुकडा काढून टाका आणि मधल्या भागाच्या सात-आठ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. याहून पातळ केल्या तर खाताना फक्त वरचं कवचच लागतं, टोमॅटो हरवतो.

यानंतरची पायरी घाईत सगळेच गाळतात आणि माझ्या मते सगळा पदार्थ तिच्यावरच उभा आहे: चकत्यांतलं पाणी काढणं. ताटात किंवा जाळीवर चकत्या एकेक पसरून दोन्ही बाजूंनी मीठ भुरभुरा आणि अर्धा तास विसरून जा. थोड्या वेळाने बघाल तर बियांच्या कप्प्यांभोवती बारीक थेंब जमलेले दिसतात, मग ते एकमेकांत मिसळून ताटाच्या कडेला ओघळतात. हे पाणी आत राहिलं तर तळताना त्याची वाफ होते आणि ती पिठाचं कवच आतून सोडवते. पहिल्या घासाला टोमॅटो बाहेर घसरतो आणि हातात नुसतं पोकळ कवच राहतं. अर्ध्या तासाने स्वच्छ कोरड्या फडक्यावर चकत्या मांडा, वरून दुसरं फडकं ठेवून तळव्याने हलकेच दाबा. फडकं ओलं झालं तर दुसरं घ्या. चकतीला बोट लावलं तर ओलसर लागावं, पण बोटाला पाणी लागू नये. मीठ इथे लागलेलं आहे, तेव्हा पुढे पिठात बेतानेच घाला.

चकत्या मुरत असताना तीन पसरट थाळ्या मांडा. पहिलीत अर्धा कप मैदा, त्यात मिरपूड. दुसरीत एक अंडं आणि अर्धा कप बटरमिल्क फेटून. अमेरिकेतलं दुकानातलं बटरमिल्क दाट असतं, आपलं ताक त्याच्या जागी चालणार नाही. भारतात करणार असाल तर दही थोड्याच पाण्यात घुसळून पळीवरून संथ पडेल इतकं दाट ठेवा. घरात अंडं चालत नसेल तर ते वगळा आणि त्या दह्यात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळा, कवच चांगलं धरतं.

तिसऱ्या थाळीत कॉर्नमील, आणि इथे जरा थांबून नीट बघून घ्या. कॉर्नमील म्हणजे वाळलेल्या मक्याचं भरडसर दळण. आपल्याकडे पांढऱ्याशुभ्र पुड्यात मिळणारं कॉर्नफ्लोअर हा नुसता स्टार्च, तो तिसऱ्या थाळीत नको. भाकरीसाठीचं मक्याचं पीठ फार बारीक असतं, त्याने कवच गुळगुळीत होतं. त्यात निम्मा मक्याचा बारीक रवा मिसळलात की हवा तो खरखरीतपणा येतो. अमेरिकेत ग्रिट्सचं, म्हणजे मक्याच्या जाड भरड्याचं, पाकीट उचलू नका, ते दाताखाली खडे आल्यासारखं लागतं. पाऊण कप कॉर्नमील, पाव कप मैदा, अर्धा चमचा लाल तिखट, हवं तर थोडी पॅप्रिका. ज्यांनी सुरणाचे किंवा वांग्याचे काप रव्यात घोळवून तळले आहेत त्यांचा हात यावर लगेच बसेल.

घोळवताना एक हात कोरड्या पिठांसाठी आणि दुसरा ओल्यासाठी ठेवा, नाहीतर बोटांवरच कवच चढतं. मैद्यात घोळवून चकती झटका, दह्यात बुडवून निथळू द्या, मग कॉर्नमीलमध्ये ठेवून वरून तळव्याने दाबा. तयार चकत्या जाळीवर दहा मिनिटं तशाच राहू द्या, पीठ ओल शोषून घट्ट बसतं. एकीवर एक रचू नका.

कढईपेक्षा पसरट बिडाचा तवा किंवा बिडाचं पॅन घ्या. ते उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे गार चकत्या पडल्या तरी तेल एकदम निवत नाही. पूर्वी दक्षिणेत डुकराच्या चरबीत तळत. मी शेंगदाण्याचं तेल वापरते. जॉर्जिया हे अमेरिकेत सगळ्यात जास्त भुईमूग पिकवणारं राज्य असल्याने तिकडच्या तळणीलाही ते परकं नाही. २५ सेंटिमीटरच्या पॅनमध्ये एक सेंटिमीटर तेल म्हणजे साधारण अर्धा लिटर. थर्मामीटर असेल तर १८० अंश सेल्सियस. नसेल तर चिमूटभर कॉर्नमील टाकून बघा, लगेच फसफसून वर आलं पाहिजे आणि काळं पडता कामा नये. पॅनवर बसेल असं झाकण हाताशी असू द्या. तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण घालायचं, पाणी कधीच ओतायचं नाही. एक्झॉस्ट आधीच लावा.

एका वेळी चार-पाचच चकत्या. प्रत्येक बाजूला अडीच-तीन मिनिटं, उलटायचं एकदाच. मधल्या घाण्यांत खाली उतरलेली भुकटी झाऱ्याने काढत राहा, ती जळली की पुढच्या सगळ्या चकत्या कडू होतात. उतरवायला कागद नको, त्यावर खालची बाजू वाफेने मऊ पडते. ताटावर जाळी ठेवून त्यावर काढा. पाहुणे उशिरा येणार असतील तर ही जाळी १०० अंशांच्या ओव्हनमध्ये सरकवा.

सोबतीचं काहीतरी आदल्या दिवशीच करून ठेवा. लुइझियानाकडचं रेमुलाड सोपं आहे: मेयोनीज, मोहरीची पेस्ट, बारीक चिरलेली आंबट काकडी, लिंबू, तिखट. न्यू ऑर्लिन्समध्ये त्यात कोळंबी मिसळून चकत्यांवर वाढतात, मासे खाणाऱ्यांनी ते जरूर करून पाहावं. भाजलेली गोडसर लाल मिरची चीजमध्ये कालवून केलेलं पिमेंटो चीजही छान लागतं. टोमॅटो केचप मात्र टेबलावर आणू नका, त्याच्या गोडीपुढे हिरव्या टोमॅटोचा आंबटपणा दबतो.

उरलेल्या चकत्या दुसऱ्या दिवशी २०० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटांत परत कुरकुरीत होतात आणि सँडविचमध्ये घालता येतात. मायक्रोवेव्हमध्ये त्यांचा लगदा होतो. तेल निवल्यावर बारीक फडक्यातून गाळून ठेवा, मक्याची भुकटी राहिली तर ते लवकर खवट होतं.