सीपॅपच्या पहिल्या रात्रीआधी करायची तयारी

सीपॅप म्हणजे स्लीप ॲप्नियात, झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजारात, मास्कमधून प्रेशरने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र. ते घेतलेले कितीतरी लोक थोड्याच दिवसांत ते कपाटात ठेवून देतात आणि दोष यंत्राला देतात. बहुतेक वेळा बिघडलेला असतो मास्कचा मेळ. म्हणून तयारीचा सर्वांत जास्त वेळ मास्कला द्या. यंत्राचा रंग, स्क्रीन, मोबाइल ॲप हे सगळं त्यानंतर.

सुरुवात मात्र कागदांपासून. स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेत केलेल्या तपासणीचा, पूर्ण अहवाल हाती घ्या, नुसत्या शेऱ्यावर भागवू नका. त्यातला एएचआय म्हणजे झोपेत दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला तो आकडा. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. श्वास घशातल्या अडथळ्याने थांबतो की मेंदूकडून सूचनाच न आल्याने, हेही विचारून घ्या. दुसऱ्या प्रकारात साधं सीपॅप पुरेलच असं नाही. मग हवं ते प्रेशरचं लेखी प्रिस्क्रिप्शन. प्रेशर पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि बहुतेक यंत्रं ४ ते २० पर्यंत देतात. ऑटो यंत्र, म्हणजे गरजेप्रमाणे प्रेशर स्वतः बदलणारं, सांगितलं असेल तर किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे लिहून घ्या. यंत्र ४ ते २० वर मोकळं सोडलं की ४ वर अनेकांना हवा अपुरी वाटते, आणि माणूस घुसमटून मास्क काढून टाकतो. फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा त्रास कधी झाला असेल, किंवा नाकाची वा कवटीची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

यंत्र निवडताना चार गोष्टी पाहा. हवेत ओलावा मिसळणारा ह्युमिडिफायर आहे का, प्रेशर हळूहळू वाढवणारा रॅम्प आहे का, उच्छ्वासाच्या वेळी प्रेशर किंचित उतरतं का, आणि नोंदीत वापराच्या तासांबरोबर गळती आणि एएचआयही दिसतो का. ज्या यंत्रात फक्त तास दिसतात, ते घेऊ नका. उपचार लागू पडतोय की नाही हे त्यावरून कधीच कळत नाही. वापरलेलं यंत्र घ्यायचं तर मोटरचे तास तपासा आणि मॉडेल परत मागवलेल्यांपैकी नाही ना याची खात्री करा. आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या भीतीने फिलिप्सने जून २०२१ मध्ये लाखो यंत्रं परत मागवली होती.

आता मास्क. नाकपुड्यांत टेकणाऱ्या पिलोजचा चेहऱ्याशी स्पर्श सर्वांत कमी, त्यामुळे चष्मा, दाढी, कुशीवर झोपणं यांच्याशी त्या जुळवून घेतात. प्रेशर जास्त असेल तर मात्र नाकपुड्या हुळहुळतात. नाक झाकणारा नेझल मास्क मधला मार्ग. नाक सतत चोंदलेलं असेल किंवा तोंड उघडं राहत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क, पण त्याची कड लांब, म्हणून गळतीच्या जागाही जास्त. माप घेताना अंदाज नको, कंपनीच्या मापपट्टीने नाकाची रुंदी मोजा. मास्क दुकानात बसून घालून पाहण्यात अर्थ नाही. आडवे व्हा, यंत्र चालू करा, नेहमीच्या प्रेशरवर दोन्ही कुशींवर वळून पाहा. झोपल्यावर गालांचा आकार बदलतो, बसल्याजागी नीट वाटणारा मास्क तिथे फुसफुसू लागतो. पट्टे आडवं झाल्यावरच आवळा, आणि पट्ट्याखाली एखाददोन बोटं सहज जातील इतकेच. सिलिकॉनची कड हवेने फुगून चेहऱ्याला बसते. करकचून आवळली की ती चपटी होते, गळती वाढते आणि नाकाच्या हाडावर व्रण उठतो. मास्कवरची बारीक छिद्रं गळती समजून बुजवू नका. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. काही मास्कच्या पट्ट्यांत चुंबक असतात. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर वा तसं काही उपकरण बसवलेलं असेल तर चुंबकाविना मिळणारा मास्क मागा.

नळी साधारण १.८ मीटरची असते. जाड नळीचा व्यास २२ मिलिमीटर, बारीकचा १५. जी लावाल तिची नोंद यंत्राच्या सेटिंगमध्ये करा, नाहीतर मास्कपाशी पोचणारं प्रेशर चुकतं. यंत्र पलंगापेक्षा थोडं खाली, सपाट जागी ठेवा, म्हणजे नळीत जमलेलं पाणी चेहऱ्याकडे न येता मागे जाईल. मागच्या फिल्टरला पडदा किंवा चादर चिकटू देऊ नका. रात्री नळीत गुडगुड ऐकू आली तर ओलावा एक पायरी कमी करा किंवा तापणारी नळी घ्या. ह्युमिडिफायरच्या टाकीत डिस्टिल्ड पाणीच भरा. साध्या पाण्याचे क्षार तळाशी थर करतात.

पहिल्या रात्रीआधी दोन-तीन दिवस दिवसा सराव करा: आधी नुसता मास्क, मग यंत्र चालू करून वाचत किंवा टीव्ही पाहत अर्धा तास. तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्या. नेझल मास्क लावून बोलायला तोंड उघडलं की हवा तोंडातून सुसाट बाहेर येते. हे दिवसा कळलेलं असलं की रात्री दचकायला होत नाही.

सकाळी तोंड कोरडं पडलं तर बहुधा तोंड उघडं राहतंय. नाक मोकळं आहे का ते आधी पाहा. झोपण्यापूर्वी सलाइनने नाक धुणं पुष्कळांना पुरतं. तेवढ्याने न भागल्यास हनुवटीचा पट्टा किंवा फुल फेस मास्क. पोट फुगून ढेकरा येत असतील तर हवा गिळली जाते आहे, ते डॉक्टरांना कळवा. स्वतः प्रेशर कमी करून तो प्रश्न मिटवू नका. डोळे कोरडे किंवा लाल होत असतील तर मास्कच्या वरच्या कडेतून हवा डोळ्यांवर जात असते.

मास्कचं कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकणारी सिलिकॉनची कड, रोज सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने पुसा. रात्री मास्क लावण्याआधी चेहराही धुवा, तेलकट त्वचेवर सिलिकॉन घसरतं. टाकीतलं उरलेलं पाणी रोज ओता, नळी आठवड्यातून एकदा धुऊन सावलीत टांगा. ब्लीच, स्पिरिट, सुगंधी द्रावणं नकोत. कुशन कडक किंवा पिवळं झालं की बदला.

वीज जात असेल तर यंत्राच्या व्होल्टेजशी जुळणारी बॅटरी आणून ठेवा. ह्युमिडिफायर बंद केला तर ती कितीतरी जास्त चालते. प्रवासात यंत्र हातातल्या सामानात ठेवा आणि टाकी रिकामी करूनच उचला. तिरकं झालं की पाणी मोटरमध्ये शिरतं. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्लीप ॲप्नियाबद्दल आधी सांगा, आणि रुग्णालयात जाताना आपलं यंत्र व आपलाच मास्क सोबत न्या.