वजनाच्या ऑपरेशनसाठी जीपीकडे जाताना: इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

पुण्या-मुंबईत वजन कमी करण्याचं ऑपरेशन (बॅरिएट्रिक सर्जरी) करायचं मनात आलं की माणूस थेट सर्जनची वेळ घेतो. इंग्लंडमध्ये तसं नाही. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, सर्जनपर्यंत पोचायचं तर जीपीचं, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरचं, रेफरल लागतं, आणि जीपीसमोर आपल्याला बहुधा दहाच मिनिटं मिळतात. मला इथे येऊन चौदा वर्षं झाली, ऑपरेशनला तीन. नव्याने आलेल्या मैत्रिणी हेच पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

जीपीकडे नाव घातलं नसेल तर याच आठवड्यात घाला. नोंदणी मोफत असते, आणि पत्त्याचा पुरावा हाताशी नाही म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही. व्हिसाच्या वेळी वर्षाला १०३५ पौंडांचा हेल्थ सरचार्ज भरला असेल, तर हे ऑपरेशनही त्यातच येतं.

पहिल्या खेपेला मी गुडघेदुखी घेऊन गेले होते. वजनाचं उठता उठता बोलले. डॉक्टरांनी आहाराचं एक पत्रक दिलं आणि वेळ संपली. घरी येऊन मी रडले. पण खरं सांगायचं तर मला नेमकं काय हवंय, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी फक्त या एकाच विषयासाठी डबल अपॉइंटमेंट मागितली आणि बसल्या बसल्या म्हटलं, “मला बॅरिएट्रिक सर्जरीच्या असेसमेंटसाठी स्पेशालिस्ट वेट मॅनेजमेंट सर्व्हिसकडे रेफरल हवंय.” तुम्हीही असंच सांगा. इंग्रजीत बोलायला अवघड वाटत असेल तर दुभाषा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसंही सांगता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उपचारांचे निकष सुचवणाऱ्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ ते ४० च्या मध्ये असून वजन उतरल्यावर सुधारेल असा मोठा आजार असेल, तर रेफरल द्यावं. मात्र दक्षिण आशियाई माणसांसाठी हे आकडे अडीचने खाली धरण्याचा विचार करावा, असंही त्यात आहे. आपली चरबी पोटाभोवती साठते, आणि डायबेटीस, हृदयविकाराचा धोका कमी वजनालाच सुरू होतो, म्हणून. समजा तुमची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ९४ किलो आहे. बीएमआय निघतो ३७.७. नुसतं ४० पाहिलं तर तुम्ही बसत नाही, आपल्यासाठीच्या ३७.५ ने बसता. गडबडीत हे डॉक्टरांच्या लक्षात येईलच असं नाही. तुम्ही काढा तो विषय.

टाइप २ डायबेटीस गेल्या दहा वर्षांत निघाला असेल तर दार आणखी उघडं आहे. बीएमआय ३५ च्या वर असेल तर असेसमेंट लवकर व्हावं, ३० ते ३५ मध्येही विचार व्हावा, आणि आपल्या लोकांसाठी त्याहूनही खाली. म्हणून साखर पहिल्यांदा निघाली तेव्हाचा भारतातला रिपोर्ट, तारखेसकट, आईबाबांना शोधून पाठवायला सांगा. सोबत बीपी, थायरॉईड, पीसीओडीचे कागद, चालू गोळ्यांची नावं, आणि आजवर काय काय करून पाहिलं ते एका कागदावर: कोणतं डाएट, किती महिने, किती उतरलं, किती परत आलं. घोरत असाल, दिवसा डुलक्या येत असतील तर नवऱ्याला किंवा बायकोला विचारून तेही लिहा. स्लीप ॲप्निया (झोपेत मधूनमधून श्वास थांबणं) असेल तर तो तपासून घ्यायला हवा.

नकार मिळाला तर कारण विचारा आणि ते तुमच्या नोंदीत लिहायला सांगा. प्रॅक्टिसमधल्या दुसऱ्या डॉक्टरांकडेही जाता येतं. स्थानिक आयसीबीचे, म्हणजे त्या त्या भागातल्या एनएचएस सेवा ठरवणाऱ्या मंडळाचे, नियम भागाभागाप्रमाणे बदलतात, तेव्हा लेस्टरच्या मावशींचा अनुभव स्लाउमध्ये लागू पडेलच असं नाही.

रेफरल म्हणजे ऑपरेशनची तारीख नव्हे. आधी आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, डॉक्टर यांच्याकडे काही महिने जावं लागतं. याला टियर ३ म्हणतात. एकही भेट चुकवू नका. आपलं जेवण तिथे मोकळेपणाने सांगा: भात, पोळी, चहातली साखर, चतुर्थी-एकादशीची साबुदाण्याची खिचडी, सगळं. शाकाहारी असाल तर ऑपरेशननंतर प्रोटीन कुठून मिळवायचं हे आधीच ठरवून घ्या. मला पनीर, ताक आणि मुगाच्या घट्ट वरणाने तारलं. कडक उपास मी सोडले, सासूबाईंनीही समजून घेतलं. मूल हवं असेल तर तेही सांगा, कारण ऑपरेशननंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात.

सुट्टीत भारतात जाऊन करून येण्याचा मोह अनेकांना होतो. निर्णय तुमचा, पण त्याआधी इथल्या जीपीशी बोला. पुढे जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या, दरवर्षी रक्ततपासणी, बऱ्याच जणांना दर तीन महिन्यांनी बी-१२ चं इंजेक्शन लागतं, आणि पहिली दोन वर्षं तज्ज्ञांची देखरेख. ती देखरेख इथे कोण करणार, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी ठरलेलं असू द्या. आणि येताना कोणतं ऑपरेशन झालं ते लिहिलेली इंग्रजी डिस्चार्ज समरी हातातल्या बॅगेत ठेवा.