फिश टँकच्या सम्पला ड्रेनचा पाईप किती इंची घ्यायचा

टाकीला सम्प, म्हणजे खाली ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी, लावायचा म्हटलं की बहुतेक जण आधी पंप आणतात आणि मग त्याला पुरेल असा ड्रेन शोधत बसतात, माझं म्हणणं उलटं आहे, आधी पाणी खाली कसं जाणार ते पक्कं करा, पंप सगळ्यात शेवटी घ्या. पंपाला मोटरचा जोर असतो, ड्रेनमधलं पाणी फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं, ड्रेन कमी पडला की पाणी थेट हॉलच्या फरशीवर.

आपली नेहमीची 4 × 1.5 × 1.5 फुटी टाकी धरू, साधारण 255 लिटर. गोड्या पाण्याच्या टाकीत तासाला 5 वेळा पाणी फिरलं तरी भरपूर झालं, म्हणजे 1300 लिटरच्या आसपास. पंपाच्या बॉक्सवरचा आकडा शून्य उंचीचा असतो हे लक्षात ठेवा, चार-साडेचार फूट चढवल्यावर खरं किती येतंय ते 20 लिटरची बादली लावून बघायचं, 72000 ला सेकंदांनी भागलं की तासाचे लिटर मिळतात. बादली 50 सेकंदांत भरली तर 1440.

आता ओव्हरफ्लो बॉक्सची, म्हणजे टाकीतलं वरचं पाणी ज्यात सांडून ड्रेनला जातं त्या कप्प्याची कड. 30 सेमी सलग कडेवरून 1 सेमी जाडीचा थर वाहत असेल तर तासाला साधारण 2000 लिटर जातं. दाते पाडलेले असले तर अर्धी लांबी दात्यांतच जाते, मग त्याच 1440 लिटरला थर सव्वा सेमीच्या थोडा वर चढतो, चालतंय. कड जितकी लांब तितका थर पातळ आणि वरची तेलकट साय तितकी छान ओढली जाते, म्हणून बॉक्स उगाच खोल करण्यापेक्षा लांब करा.

पाईपचं गणित खरं दोन प्रकारचं आहे. हवा आणि पाणी एकत्र उतरणारा उघडा पाईप 1 इंची असेल तर हजार-बाराशे लिटरपर्यंत शांत राहतो, त्यापुढे गुडगुड सुरू होते आणि रात्री झोपू देत नाही. तोच पाईप पूर्ण भरून सायफन झाला, म्हणजे आत हवा न राहता पाणी सलग ओढलं जायला लागलं, तर 70 सेमी उतारावर 4000 च्या आसपास ओढू शकतो, तोही आवाज न करता, मग त्याला गेट व्हॉल्व्ह लावून आपल्या पंपाएवढा आवळायचा. बॉल व्हॉल्व्हने इतकं बारीक जमत नाही. आणि या पाईपचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात 1-2 सेमीच बुडवा, जास्त बुडवलं तर सुरुवातीला आतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरतच नाही.

पण आवळलेल्या सायफनला शिल्लक काही नसते, व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचं एक पान किंवा एखादी गोगलगाय अडकली की संपलं. म्हणून दुसरा पाईप पाहिजेच, इमर्जन्सीचा. तो मुख्य पाईपपेक्षा बारीक नको, त्याला व्हॉल्व्ह नको, बारीक जाळी तर अजिबात नको, तोंड बॉक्समधल्या पाण्याच्या 2 सेमी वर पण टाकीच्या काठाच्या बरंच खाली. दोन पाईपच्या या पद्धतीला हर्बी म्हणतात. जागा असेल तर तीन पाईपची बीन अॅनिमल पद्धत करा, एक सायफन, एक उघडा, एक इमर्जन्सी, मला तीच जास्त भरवशाची वाटते.

दुकानात गेल्यावर एक बघा, सीपीव्हीसीचा 1 इंची पाईप आतून जेमतेम 23 मिमी असतो, यूपीव्हीसी शेड्युल 40 चा 26 च्या वर, म्हणजे आतली जागा जवळजवळ पाव कमी, म्हणून यूपीव्हीसीच घ्या. टँक निपल, म्हणजे काचेच्या भोकात पाईप बसवायचा जोड, हातात आल्यावरच त्याच्या मापाने भोक पाडा, काच टफन (तापवून कडक केलेली) नाही याची खात्री करून, कारण टफन काच भोक पाडायला गेलं की फुटते. काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाएवढी जागा सोडा. 90 च्या एल्बोऐवजी दोन 45 चे लावले तर पाणी मोकळं जातं.

सगळं जोडलं की दोन टेस्ट करायच्याच. पहिली, मेन स्विच बंद करा. या टाकीचं 1 सेमी पाणी म्हणजे सुमारे 5.4 लिटर, लाईट गेल्यावर 3 सेमी उतरलं तर 16 लिटर आणि वर पाईपमधलं, एवढी जागा सम्पमध्ये रिकामी पाहिजे. पंप बंद पडला की रिटर्नमधून, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणाऱ्या पाईपमधून, पाणी उलटं खाली येतं, म्हणून त्याचं तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवा, नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात कचरा अडकतो. दुसरी, पंप चालू ठेवून मुख्य ड्रेन पूर्ण बंद करा, इमर्जन्सीने एकट्याने सगळं पाणी नेलं पाहिजे. दोन्ही तुंबले तरी टाकी वाहू नये म्हणून पंपाचा कप्पा लहान ठेवा, 30 × 20 सेमीच्या कप्प्यात 15 सेमी पाणी म्हणजे 9 लिटर, ते सगळं वर गेलं तरी टाकी 1.7 सेमीच चढते, काठाखाली 3 सेमी मोकळे असले की बास. फक्त सम्पचा फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारा) गच्चीवरच्या टाकीच्या लाईनला थेट जोडू नका, ड्रेन तुंबला की कप्पा रिकामा दिसतो आणि तो पाणी सोडतच राहतो, त्यासाठी वेगळा 10 लिटरचा कॅन ठेवा आणि काठाखालची जागा मोजताना तेही पाणी धरा, आणखी 2 सेमी.