चढाच्या वाटेवरचा बर्फ काढायला एटीव्ही निवडताना

सपाट अंगणाला चालणारी एटीव्ही (जाड टायरची, हँडलने वळवायची छोटी चारचाकी) चढावर दगा देते, म्हणून आधी फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर, बघा. नुसतं फोर-व्हील पुरत नाही. पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा गिअरसंच) लॉक होत नसेल, तर एक चाक बर्फावर गरगर फिरतं आणि दुसरं जागेवरच थांबतं. इंजिन ५०० सीसीच्या आसपास किंवा वरचं घ्या. सीसीपेक्षाही लो गिअर (कमी वेग, जास्त जोर) आणि इंजिन ब्रेकिंग (इंजिननेच वेग रोखणं) महत्त्वाचं, कारण उतारावर नुसता ब्रेक दाबला की चाकं अडकून गाडी घसरते.

बर्फ ढकलताना कायम लो गिअरच ठेवा. हाय गिअरमध्ये जोर लावला की सीव्हीटीचा (आपोआप बदलणाऱ्या गिअरचा) रबरी पट्टा घसरतो, तापतो. जळक्या रबराचा वास आला की लगेच थांबा.

बर्फ ढकलायला गाडीपुढे लावायचं पातं साधारण ६० इंची पुरतं. तिरकं केलं की त्याची रुंदी कमी होते, तरी साफ झालेला पट्टा चाकांपेक्षा रुंदच राहायला हवा. खडीची वाट असेल तर पात्याखालचे स्किड शू (पातं जमिनीपासून वर धरणारे टेकू) थोडे खाली सरकवा, नाहीतर खडीच उपसली जाईल.

टायरना साखळ्या हव्यातच, तीव्र चढाला चारही चाकांना. मात्र त्या ब्रेकच्या नळीला किंवा सस्पेन्शनला घासत नाहीत ना, हे चाक हाताने पूर्ण फिरवून पाहा.

पातं उचलणारा विंच (दोर गुंडाळणारा विजेचा रहाट) बॅटरी झपाट्याने खातो, तेव्हा बॅटरी दमदार हवी.

वर जाताना बर्फ न ढकलता गाडी रिकामीच न्या, बर्फ खाली येताना ढकला. उताराला आडवी घालू नका, उलटते.