ब्लूज ऐकताना 'आमेन'ची घाई नको

आई गेली तेव्हा भेटायला आलेल्या बहुतेकांनी दुसऱ्याच वाक्यात 'देवाची इच्छा' म्हणून टाकलं. माणसं मायेचीच, पण त्या आठवड्यात मला कुणीतरी नुसतं शेजारी बसायला हवं होतं. ते काम मुलाने मोबाइलवर लावलेल्या एका जुन्या ब्लूज रेकॉर्डने केलं. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःख सांगणारं गाणं. तेव्हापासून दर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, गुरुवारी संध्याकाळी वानवडीला आमच्या घरी सात-आठ जण जमतो, एक गाणं ऐकतो आणि बायबलमधलं एक वचन वाचतो. तुम्हालाही करून बघायचं असेल तर मी कसं करते ते सांगते.

सुरुवात शब्द नसलेल्या गाण्याने करा. ब्लाइंड विली जॉन्सनचं 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' लावा. 3 डिसेंबर 1927 रोजी डॅलसमध्ये रेकॉर्ड झालेलं, जेमतेम साडेतीन मिनिटांचं. लहानपणीच दृष्टी गेलेला हा माणूस गिटारची तार ओढत, घसरवत नेतो आणि तिच्यासोबत नुसता हुंकारतो, कण्हतो. नाव एका जुन्या इंग्रजी उपासनागीतातलं आहे, अटकेआधी प्रभू येशूने गेथशेमाने बागेत प्रार्थनेत काढलेल्या रात्रीबद्दलचं. पण हे आधी सांगू नका. आधी ऐकवा, मग मार्क 14 मधला बागेचा भाग वाचा, मग पुन्हा ऐकवा. दुसऱ्या खेपेला आमच्याकडे कुणी चहाच्या कपाला हात लावत नाही. रोमकरांस पत्र 8:26 मध्ये आत्मा 'अनिर्वाच्य कण्हण्याने' मध्यस्थी करतो असं आहे. संडे स्कूलपासून पाठ होतं मला ते. कण्हणं म्हणजे कसं, हे मात्र या रेकॉर्डने ऐकवलं. (1977 मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात पाठवलेल्या तबकडीवरही हे आहे. मुलांना एवढंच लक्षात राहतं.)

दुसऱ्या आठवड्याला बारा मात्रांच्या चौकटीतला साधा ब्लूज घ्या. मात्रा म्हणजे इथे 'बार', चार-चार ठोक्यांचे. चार बारांची एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिसऱ्या ओळीत तिची तड. प्रत्येक ओळीनंतर जागा मोकळी राहते, तिथे गिटार उत्तर देते. ब्लूजचे गायक-गिटारवादक बी. बी. किंग तर गाताना वाजवायचेच नाहीत. गायचं, थांबायचं, मग गिटारने बोलायचं. आपल्याकडे बुवांनी ओळ टाकली की टाळकरी उचलतात, तसंच काहीसं. नंतर स्तोत्र 13 मोठ्याने वाचा आणि 'कोठवर' हा प्रश्न किती वेळा येतो ते मोजा. चार वेळा. स्तोत्र रचणाऱ्या दाविदालाही एकदा विचारून भागलं नाही.

मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवते, म्हणून ब्लूजमधला तो खास वाकवलेला सूर पेटीवर शोधायला बसले. कोमल गंधार लावला, तर फारच खाली. शुद्ध लावला, तर फारच आनंदी. दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या, तर शेजारचे बघायला आले. तो सूर त्या दोघांच्या मधे कुठेतरी आहे आणि पेटीला तिथे पट्टीच नाही, गळ्याला आहे. तेव्हा गटात वाद्य बाजूला ठेवा आणि सगळ्यांना तो सूर गुणगुणायला लावा. चुकू दे.

'हे बारमधलं संगीत घरात कशाला?' असं कुणीतरी म्हणणारच. मला एका वडीलधाऱ्यांनी प्रार्थनेतच सुनावलं, डोळे मिटून. अशा वेळी थॉमस डोर्सीची गोष्ट सांगा. 'जॉर्जिया टॉम' नावाने ब्लूज वाजवणारा हा पियानोवादक. 1932 च्या ऑगस्टमध्ये तो सेंट लुईसला होता, तेव्हा शिकागोत बायको बाळंतपणात गेली. पाठोपाठ बाळही गेलं. त्यानंतर त्याने 'प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड' लिहिलं. त्याच्या ब्लूजच्या वळणाच्या चालींना शिकागोतल्या कित्येक चर्चनी आधी दार लावलं होतं. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी अभंग-ओव्या आणि कीर्तन उपासनेत आणलं, ते आज कुणाला परकं वाटत नाही.

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' हा अल्बम चौथ्या आठवड्यापर्यंत लावू नका, सॅक्सोफोन कानाला जड जातो. डिसेंबर 1964 चं हे काम. पहिल्या भागातली चार सुरांची ओळ तो एकेक करून बाराही स्वरपट्ट्यांत फिरवतो. शेवटच्या भागाचं नावच 'स्तोत्र'. स्वतः लिहिलेली प्रार्थना तो त्यात सॅक्सोफोनवर शब्दागणिक 'म्हणतो'. प्रार्थना छापील मिळाली तर हातात धरून ऐका. पण त्याला ओढूनताणून आपला करू नका. दोन्ही आजोबा पाळक (पाद्री) होते खरे, तरी तो सगळ्याच धर्मांना मानायचा. प्रत्येक गाण्याला बाप्तिस्मा द्यायची हौस मला आवडत नाही.

गाणं संपलं की दोन मिनिटं कुणीही बोलायचं नाही, हा एकच नियम मी कडक पाळते. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी चालते. मग ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, पण 'यातून आपण काय शिकलो' असं विचारू नका, लोक लगेच पाठ केलेलं म्हणतात.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या गुरुवारी मंडळीत प्रभुभोजन असतं, म्हणून आम्ही शेवटचं बुधवारीच उरकतो. त्या दिवशी स्तोत्र 88 वाचायचं. ते अंधारातच संपतं, पुढे एकही दिलाशाची ओळ नाही. जॉन्सनची रेकॉर्ड पुन्हा लावायची आणि समारोपाची प्रार्थना करायची नाही. चहा त्या दिवशी मी आधीच देते, म्हणजे गाणं थांबलं की लोक चपला घालून गुपचूप निघू शकतात.